ठिपका घरातच आहे

५ जानेवारी

ताई,

फोन घेतला. आधी हे सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

दुकानात आईला स्टुलावर बसवलं आणि तू पाठवलेली यादी विक्रेत्याच्या हातात दिली. बॅटरी दोन दिवस टिकायला हवी, आवाज मोठा, पडला तरी फुटायला नको, आणि कुठे आहे ते मला माझ्या फोनवर दिसायला हवं. तो कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागला. चंद्राचा फोटो निघतो म्हणे. मी म्हटलं, दादा, चंद्र हरवत नाही, आई हरवते. त्यावर त्याने तीन फोन काढून ठेवले.

आईने तिन्ही एकेक करून तळहातावर तोलले. "एकशे नव्वद ग्रॅम. दोनशे दहा. हा दोनशेला थोडा कमी." विक्रेत्याने खोकं उलटं करून वाचलं आणि तिच्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलंय तिने. काल जेवली का ते आठवणार नाही, पण वजन चुकणार नाही.

दोनशेवाला घेतला. नारिंगी कव्हर. तिच्या जुन्या टपालाच्या पिशवीत राहील, कारण ती पिशवी घेतल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. माझ्या फोनवर नकाशा उघडला की निळा ठिपका दिसतो. ठिपका म्हणजे आई.

डिसेंबरात झालं ते परत होणार नाही. सकाळी सहाला जुन्या पोस्टाच्या पायरीवर, घरातल्या स्लिपरवर, दार उघडायची वाट बघत बसलेली. तू तिथे बेटावर बसून वारा मोजतेस, तुला ते दृश्य दिसलं नाही. मला रोज दिसतं. तरी सांगतो, तिला वृद्धांच्या त्या केंद्रात टाकायचं नाही. मला एक संधी दे.

टिल्ल्या

*

१० जानेवारी

टिल्ल्या,

बोट सकाळी आली, संध्याकाळी परत जाईल. तेवढ्यात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

संधी दिली. पण मोजून. केंद्राने आईसाठी बेड वीस फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवलाय. फॉर्मवर आपल्या दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे माझ्याशिवाय तू तिला पाठवू शकत नाहीस आणि तुझ्याशिवाय मी. वीसपर्यंत फोनने काम केलं तर मी तो विषय पुन्हा काढणार नाही. ती एकदा जरी हरवली, तर मी सही करून फॉर्म पाठवेन आणि तूही करशील. शब्द दे.

मी दुष्ट नाही. इथे माझ्या टेबलावर नेटवर्क नाही, वायरलेसवरून फक्त वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे जातात. आई हरवली तर मला पंधरा दिवसांनी कळणार. हे पंधरा दिवस कसे जातात ते तुला माहीत नाही.

एक कर. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटव. तुझं नाव, घराचा पूर्ण पत्ता, मजला. मोठ्या छापील अक्षरांत, पाकिटावर लिहितात तसं. कोणाला सापडला तर परत येईल, आणि ती गोंधळली तर वाचेल. पत्ता ती अजून वाचते ना?

मी सुटणार होते डिसेंबरात, पण ऑफिसने सोडलं नाही. अजून एक वर्ष. काय करणार.

ताई

*

२० जानेवारी

ताई,

शब्द दिला. आणि आता ऐक, तू खूश होशील.

चिठ्ठी तेराला लावली. तेव्हापासून आठ दिवस आई घराबाहेर पडलेली नाही! एकदाही नाही. मी दर तासाला बघतो. शाफ्टमध्ये पिंजऱ्याच्या छपरावर उभा असतो, एक हात दोरावर, दुसऱ्या हातात फोन. माझा जोडीदार म्हणतो, तू लिफ्ट दुरुस्त करतोस की जुगार खेळतोस? पण ठिपका घरात. दहाला घरात, बाराला घरात, तीनला घरात. मी संध्याकाळी येतो तेव्हा ती टेबलाशी बसलेली, समोर फोन, बाजूला त्या दिवशीचं टपाल नीट लावून ठेवलेलं. चारच्या सुमाराला खाली जाऊन पत्रपेटी रिकामी करून आणते, तेवढंच.

फोन केला तर उचलत नाही. पण तिने कधीच उचलला नाही, तुला माहीत आहे.

झोप छान लागते तिला. भूक तर विचारू नकोस, चार पोळ्या खाते. गालांवर रंग आलाय. काल बूट ओले दिसले, बहुतेक तिने धुतले असतील. खालची शिवणवाली म्हणाली, "तुझी आई हल्ली किती टवटवीत दिसते रे!" मी म्हटलं, आराम मिळतोय ना घरात.

मला वाटतं, तिला फोनमुळे धीर आलाय. आपण उगाच घाबरत होतो.

टिल्ल्या

*

२४ जानेवारी

टिल्ल्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

मी सुया वाचून पोट भरते. वाऱ्याची सुई आठ दिवस एका जागी थांबली तर मी वहीत 'वारा स्थिर' असं लिहीत नाही. मी कोट घालते, खांबावर चढते आणि काय अडकलंय ते बघते. जिवंत गोष्टीचा आकडा हलतो. तुझा हलत नाहीये.

डिसेंबरात जी बाई पहाटे स्लिपरवर पोस्ट गाठते, ती जानेवारीत आठ दिवस उंबरा ओलांडत नाही? आणि बूट कोण धुतं रे थंडीत? आपल्या आईने आयुष्यात बूट धुतलेत का कधी? चिखल वाळू द्यायचा आणि ब्रश मारायचा, हे तिनेच शिकवलं आपल्याला.

ठिपका बघू नकोस. एका दुपारी न सांगता घरी जा. आईला बघ.

कृपा करून लगेच जा. मला पुढची बोट सातला आहे. तोपर्यंत मी काय करू, सांग.

ताई

*

५ फेब्रुवारी

ताई,

गेलो होतो. सगळं ठीक आहे. ठिपका बरोबर होता, घरातच होता.

आईला जरा ताप होता, आता उतरला. थंडी आहे इथे. डॉक्टर येऊन गेले.

कामाचं फार आहे. एका जुन्या इमारतीत दोन लिफ्ट बदलायच्या आहेत. म्हणून हे छोटं.

मधली एक ओळ खोडली आहे. तू उजेडापुढे धरून वाचशील, मला माहीत आहे, म्हणून जरा जास्तच खोडली आहे. काही विशेष नव्हतं तिच्यात.

वीस तारीख जवळ आलीच. आपलं ठरलंय तसं.

टिल्ल्या

*

(वेगळं पाकीट, त्याच बोटीने)

४ फेब्रुवारी

प्रति,
मुलगी,
हवामान केंद्र, बेट.

पत्रास कारण की, इथे बदल झाला आहे. दाराला बाहेरून कुलूप असतं. टपाल आत येतं, बाहेर जात नाही. माझ्याकडे सात दिवसांचं साठलं आहे.

मुलगा चांगला आहे. सकाळी कुलूप लावताना रडतो. त्याचं काहीतरी हरवलं असावं. विचारलं तर सांगत नाही.

चौदा नंबर सापडला नाही. त्यामुळे पंधरापासून पुढचं सगळं वाटायचं राहिलं. लोक वाट बघत असतील. तू वर कळव.

तिथे ऊन आहे का? कानाला बांधत जा.

हे दाराखालून टाकते आहे. ज्याला मिळेल त्याने तिकीट लावावं ही विनंती.

आई

(पाकिटाच्या पाठीमागे, दुसऱ्या अक्षरात) बाईंचं पाकीट जिन्यात मिळालं. तिकीट मी लावलंय. मी उघडलेलं नाही, पण रोज दुपारी त्या दार वाजवतात ते मला शिलाई मशीन चालू असलं तरी ऐकू येतं. तुमच्या भावाला मी बोलले, तो काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. तुम्ही बघा. – खालची शिवणवाली

*

७ फेब्रुवारी

टिल्ल्या,

दोन्ही पत्रं एकाच पिशवीतून आली. आधी तुझं वाचलं. मग तिचं.

तू रोज लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसांना दार फोडून बाहेर काढतोस. ती घाबरलेली असतात, तू त्यांना म्हणतोस, दोन मिनिटं, मी आलोच. आणि घरातून निघताना आईला कुलूप लावतोस? आग लागली तर? ती पडली तर? तुझ्या त्या ठिपक्याला कळणार आहे का?

काय झालं त्या दिवशी? चौदा नंबर काय आहे? खोडलेली ओळ मी वाचायचा प्रयत्न केला. कागद फाटला.

फॉर्म बरोबर आहे. माझी सही केलेली आहे. शब्द होता.

आता माझं. चिठ्ठी लावायची कल्पना माझी होती, हे विसरलेले नाही. तिच्यात काही घोळ झाला असेल तर तो माझाही आहे. आणि दुसरं, जे तुला कधी सांगणार नव्हते. ऑफिसने मला अडवलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, परत जाणार की अजून एक वर्ष राहणार? मीच म्हटलं, राहते. इथे चार यंत्रं आहेत, ती मला ओळखतात की नाही असा प्रश्न पडत नाही. गेल्या वेळी आले तेव्हा आईने मला दारात सही मागितली होती, आठवतं? पाकीट हातात धरून. "नाव काय आपलं?" तू हसलास. मी पण हसले. नंतर मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते.

म्हणून मला केंद्र हवंय. तिच्यासाठी की माझ्यासाठी, आता मलाच सांगता येत नाही.

तुझी सही करायची की नाही ते तू बघ. पण कुलूप आज काढ. हे वाचून झाल्या झाल्या.

ताई

*

१८ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

कुलूप दहा तारखेला काढलं. तुझं पत्र हातात होतं. आईने दार उघडं बघितलं आणि म्हणाली, "आलास का? बरं झालं. आत कोणीतरी अडकलं होतं."

आता जे खोडलं होतं ते.

अठ्ठावीस जानेवारी. तुझं ऐकून बाराला घरी गेलो. ठिपका घरात. दार उघडलं तर घर रिकामं. फोन लावला. रिंग ऐकू आली, पण खालून. चार जिने उतरलो. फोन आपल्या पत्रपेटीत वाजत होता.

कळलं का तुला? मला तिथे उभ्या उभ्या कळलं. रोज सकाळी मी गेलो की ती पिशवी उघडायची. आत एक वस्तू, तिच्यावर स्वच्छ छापील अक्षरात नाव, पत्ता, मजला. दुसऱ्याच्या नावाची वस्तू ती एकतीस वर्षांत कधी पिशवीत ठेवून फिरली नाही. पहिला पत्ता आपलाच. पेटीत टाकायची आणि पुढच्या वाटपाला निघायची. चारला परत येऊन पेटी उघडायची, आलेलं टपाल वर आणायची, त्यात फोन. संध्याकाळी मला टेबलावर दिसायचा. आणि मी दिवसभर लोखंडाच्या पेटीकडे बघून म्हणायचो, आई घरात आहे.

ती दोन आठवडे रोज आपली जुनी बीट, टपाल वाटायचा ठरलेला रस्ता, फिरत होती. एक ते बत्तीस नंबर, दोन्ही बाजू, क्रमाने. घरातले जुने कागद घडी करून, वर पत्ते घालून वाटत होती. रोज चारला घरी. एक दिवससुद्धा चुकली नाही.

चौदा नंबरची इमारत त्याच आठवड्यात पाडली. ती तिथे पत्र्याच्या कुंपणासमोर उभी होती, घोट्यापर्यंत चिखलात. मला सापडली तेव्हा चार वाजून गेले होते. दहापासून उभी होती. तेरा झाल्यावर चौदा. चौदा झाल्याशिवाय पंधरा नाही. ओठ निळे. मला म्हणाली, "इथे होता. मी काल टाकलंय इथे."

ती हरवली नव्हती, ताई. इमारत हरवली होती.

पण हे तुला लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, सहा तास चिखलात म्हणजे हरवलीच. आणि ते खरं असतं. म्हणून कुलूप आणलं. चांगलं, महागातलं. त्या दिवसांत मी काय होतो ते मला आठवायचं नाही.

तुझा फॉर्म आल्यावर केंद्राला फोन केला. एकच प्रश्न विचारला, दार कोणत्या बाजूने बंद होतं? बाई फार गोड बोलली. बाहेरून, म्हणाली, त्यांच्याच सुरक्षेसाठी.

मग रजा टाकली आणि अकरा तारखेपासून रोज आईबरोबर बीट फिरलो. मागून, दहा पावलं. सगळे तिला ओळखतात गं. नऊ नंबरच्या चांभाराने मला थांबवून सांगितलं, "मला परवा शिऱ्याची पाककृती आली. अर्धीच. उरलेली अर्धी समोरच्या घरी गेलीय म्हणे. आम्ही रविवारी दोन्ही जोडून बघणार आहोत." एकानेही तक्रार केलेली नाही.

चौदापाशी मात्र पाय थांबतात. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "आई, पत्त्यावर इमारतच नसेल तर ड्यूटीवर काय करतात?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नवीन भरती झालोय. "शेरा मारायचा. मागच्या कप्प्यात ठेवायचं. पुढे चालायचं." खिशातून पेन्सिल काढली, लिहिलं 'इमारत नाही', आणि पंधराकडे चालू पडली.

पण रोज विचारावं लागलं. पाचव्या दिवशीही. काल सातव्या दिवशीही. मी विचारलं नाही की ती उभी राहते.

फोनचं म्हणशील तर तो बदलला. या वेळी स्टुलावर मी बसलो आणि काउंटरवर आई उभी राहिली. तिने कोटाच्या छातीच्या खिशात एकेक घालून बघितला. जो आत बसला आणि बटण लागलं तो घेतला. दिसायला साबणाच्या वडीसारखा आहे, कॅमेरा भिकार. चिठ्ठी नाही. ती त्या खिशात फक्त स्वतःच्या वस्तू ठेवते, पेन्सिल आणि शिट्टी. आता हा. पाच दिवस झाले, अजून कोणाच्या पेटीत गेलेला नाही.

आज रजा संपली. आज ती एकटी गेली. मी शाफ्टमध्ये आहे, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. हे पुढचं तिथेच लिहितोय.

९.१०. ठिपका घरातून निघाला.

९.३५. चार नंबर. जोडीदाराला सांगितलं, आज मला जड काम देऊ नकोस. तो म्हणाला, तू खाली उतर, कागद धरून बस, मी दोर बघतो. वरवर शिव्या देतोय.

९.५८. तेरा.

१०.०३. चौदा. थांबला.

१०.०८. थांबलाय.

मी इथून पंचवीस मिनिटांवर आहे. मनात ठरवलं होतं, पंधरा मिनिटं द्यायची. लिहिताना सोपं वाटलं होतं.

१०.१४. हेल्मेट काढलं. शिडीवर आहे. तिला फोन लावला. वाजतोय, वाजतोय. ताई, मी तुझा फॉर्म सकाळपासून खिशात घेऊन फिरतोय. माझीही सही केलीय त्यावर, कालच. ती उभी राहिली तर आजच जाऊन देणार होतो.

१०.१९. रस्त्यावर आहे. पुन्हा लावला.

उचलला!

"कोण?"

"आई, मी. कुठे आहेस?"

"ड्यूटीवर आहे. शेरा लिहीत होते, पेन्सिलचं टोक मोडलं, दातांनी काढावं लागलं. तू काय मधेच फोन करतोस? ठेव."

ठेवला तिने.

१०.२३. पंधरा.

१०.३१. सतरा. मी फुटपाथवर बसलोय. लोक बघतायत. बघू देत.

४.१५. आली. जेवायला मागतेय.

उद्या काय होईल ते मला माहीत नाही. उद्या पेन्सिल हरवेल, परवा बावीस नंबर पाडतील. कधीतरी ती उभी राहील आणि मी वेळेवर पोचणार नाही. हे मी रोज उचलू शकतो, पण एकट्याने फार दिवस नाही. हे तुला पहिल्यांदाच सांगतोय.

फॉर्म सोबत परत पाठवतोय. दोन्ही सह्या आहेत. हे पत्र घेऊन बोट एकवीसला तुझ्याकडे पोचेल आणि बेड वीसला दुसऱ्याला जाईल, हे मला पत्र टाकताना पूर्ण माहीत आहे. माझी सही मी फाडायला हवी होती, हात झाला नाही. तू फाड. आणि फाडायचा नसेल तर टपालाने पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये, आणि दारात आईने नाव विचारलं तर नाव सांग.

टिल्ल्या